उंदरांच्या शिळेपुढे

उंदराचा डोळा उघडून, आतला पडदा सोडवून, तो काचेवर चार पाकळ्यांसारखा पसरायला तोशिए नावाताला सव्वा मिनिट लागायचं. मी घड्याळ लावून मोजलंय. आमच्या मजल्यावर डॉक्टरेट मिळवलेले अकरा जण होते. त्यांतल्या सर्वांत चलाख माणसाला वीस मिनिटं लागायची आणि शेवटी हातात चिंधी यायची. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो तो पडदा, फुंकर घातली तरी दुमडतो. तोशिए त्याच्याशी बोलत बोलत काम करायची. "सरळ हो बाई. अशी. आता हातपाय पसर."

मी त्याच मजल्यावर मायक्रोस्कोपची खोली सांभाळायचे. तिच्या काचा आधी माझ्याकडे यायच्या, मग प्राध्यापकांकडे. एकतीस वर्षं आम्ही दोघींनी एका टेबलावर डबा खाल्ला. तिच्याबद्दल आजही लोक म्हणतात, "कामाला चोख होती, पण निवृत्तीच्या तोंडावर डोकं फिरलं बाईचं." काही फिरलंबिरलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

तोशिए किनाऱ्यावरच्या माकल्या, म्हणजे स्क्विड, सुकवणाऱ्या घरातली. सातव्या वर्षी हातात सुरी आली. उभी चीर द्यायची, आतडं काढायचं, डोळे काढायचे, दोरीवर टांगायचं. एकोणतिसाव्या वर्षी ती आमच्या विद्यापीठात प्राणिगृहाच्या झाडलोटीची जागा विचारायला आली. तेव्हाचे प्राध्यापक मुनेकाता. ते समोरून चालले होते. त्यांनी तिचे हात बघितले आणि विचारलं, "डोळा कापलाय कधी?"

"रोज दोनशे," ती म्हणाली. "माकल्यांचे."

"न फोडता?"

"फोडला तर बाप कानाखाली द्यायचा."

झाडलोट राहिली बाजूला. दुसऱ्या दिवसापासून ती कात्री घेऊन टेबलावर.

मुनेकाता सेन्सेईंना (गुरूला आमच्याकडे सेन्सेई म्हणतात) आयुष्यभर एकच प्रश्न छळत होता. तो तोशिएनेही आपलासा केला, म्हणून सांगते. माशाच्या डोळ्यातल्या चेतापेशी मारून टाका, महिन्याभरात मासा पुन्हा बघायला लागतो. त्याच्या पडद्यात चेतापेशींना टेकू देणाऱ्या आधारपेशी असतात. शेजारी मेल्याचा संदेश मिळाला की त्या जाग्या होतात, दुभंगतात आणि त्यांच्यातून नव्या चेतापेशी तयार होतात. उंदराच्या डोळ्यात, माझ्या-तुमच्या डोळ्यात, त्याच आधारपेशी आहेत. संदेशही पोचतो. पण त्या नुसत्या सुजतात, जखमेवर खपली धरतात आणि गप्प बसतात. का? सेन्सेई हे 'का' घेऊन वारले. दवाखान्यात तोशिए भेटायला गेली तर मानाचं 'सान' लावून म्हणाले, "नावाता-सान, उत्तर सापडेल तेव्हा तो पडदा तुमच्याच हातचा असू दे." ती घरी आली आणि मला म्हणाली, "म्हातारा मला कामाला लावून चालला."

त्यांच्या जागी काजिवारा आले. बावन्न वर्षांचे, उंच, अतिशय सभ्य, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारे. काजिवारा लबाड नव्हते, हे आधीच सांगून टाकते. लबाडाशी भांडणं सोपं असतं. त्यांची युक्ती अशी: औषधाचा थेंब सोडून उंदराच्या डोळ्यातल्या बऱ्याच चेतापेशी मारायच्या. मग निरुपद्रवी केलेला विषाणू टोचायचा. त्याच्या पाठीवर दोन गोष्टी. एक, आधारपेशींना 'जागं व्हा' सांगणारा संदेश. दुसरी, हिरवी खूण, जी फक्त आधारपेशीतच उजळेल आणि त्या पेशीचं पुढे जे काही होईल त्यातही उजळत राहील. म्हणजे हिरवी चेतापेशी दिसली की समजायचं, ही आधारपेशीतून नव्याने जन्मली.

आणि दिसल्या. माझ्या खोलीत, माझ्या पडद्यावर. काजिवारांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी बघितलं. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. लेख लिहून मोठ्या मासिकाकडे गेला. मजल्यावर सगळे दबक्या पावलांनी चालायला लागले, घरात बाळंतीण असल्यासारखे.

एकटी तोशिए डब्यातलं लोणचं चावत म्हणाली, "मिवा, मला हे काही पटत नाही."

"तुला काय पटतं?"

"डोळ्यामागची नस कापताना बघितलं. ती पण हिरवी. टोचून दहा दिवस झालेत फक्त. दहा दिवसांत पेशी जन्मली, पडदाभर चालत गेली, भोक शोधलं, नसेत शिरली? दहा दिवसांचं पोर बूट घालून शाळेत गेलं म्हण ना!"

"हुशार असेल पोर," मी म्हटलं.

"पोर नाहीच ते. आजी आहे. हिरवा कोट घातलेली."

म्हणजे तिचं म्हणणं असं, की ती हिरवी खूण गळतेय. मरायच्या राहिलेल्या जुन्याच चेतापेशींत उजळतेय.

हे तपासायची पद्धत तिला ठाऊक होती, कारण मुनेकातांच्या वेळी ती रोज तेच करायची. डोळ्यातल्या या चेतापेशींच्या लांब शेपट्या मेंदूपर्यंत जातात. तिथे, मेंदूच्या टोकाला, बारीक सुईने लाल रंग सोडायचा. आठवडाभरात रंग शेपटीतून उलटा चढत डोळ्यात येतो आणि पेशी लाल होते. हे आधी करायचं, मग औषध, मग विषाणू. नंतर हिरव्या पेशीत लाल रंग सापडला, तर ती पेशी विषाणूच्या आधीपासूनच तिथे होती, मेंदूला शेपटी जोडून. नव्या पेशीत तो लाल येणार कुठून? अगदी सरळ गोष्ट. पण ते काम हाताचं आणि किचकट. नव्या मंडळींना ते जुनाट वाटायचं, मातीच्या चुलीवर भात शिजवल्यासारखं.

तिने रीतसर अर्ज भरला. काजिवारांच्या हाताखालचे सहायक प्राध्यापक हाशिबा, चाळिशीचे, भिडस्त. त्यांनी फार न वाचता शिक्का मारला. "करा नावाता-सान, हाताला सराव राहील."

सहा उंदीर. तिघांना संदेश आणि हिरवी खूण, तिघांना नुसती हिरवी खूण, संदेश नाहीच. दीड महिन्याने ती काचा घेऊन माझ्याकडे आली. कुठली काच कुठल्या उंदराची, हे तिने कागद चिकटवून झाकलं होतं. "तू मोज. मी मोजले तर म्हणतील, म्हातारीला हवं ते दिसलं."

मी मोजलं. मग आम्ही कागद सोलले. संदेश मिळालेल्या तिघांत हिरव्या चेतापेशी दोनशे चौदा, त्यांतल्या दोनशे नऊ लाल. संदेश न मिळालेल्या तिघांत एकशे अठ्ठ्याण्णव, त्यांतल्या एकशे त्र्याण्णव लाल. जागं व्हा असं कुणी सांगितलंच नव्हतं, तरी तेवढ्याच हिरव्या! मी खुर्चीत मागे टेकले.

"झालं?" तोशिए म्हणाली. "आज्याच आहेत."

ती खूश नव्हती. एकतीस वर्षं त्या एका दिवसाची वाट बघितलेली बाई कशाने खूश होईल?

आता तिची अडचण सांगते. त्या वर्षी तिची साठी भरत होती. मार्चच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. आमच्याकडे पुढची पाच वर्षं माणसाला ठेवून घेतात, पण कुठल्या खुर्चीत बसवायचं ते विभागप्रमुख ठरवतो. नोव्हेंबरपर्यंत त्याने शिक्का मारून कळवायचं. तिला त्याच टेबलावर, त्याच कात्रीजवळची पाच वर्षं हवी होती. दुसरं काही नको होतं. उत्तर सापडायचं तर तेवढ्यात सापडेल, अशी तिची आशा. आणि तो शिक्का काजिवारांचा.

ती आणि हाशिबा मिळून काजिवारांच्या खोलीत गेले. काचा दाखवायला हव्यात म्हणून मीही गेले. काजिवारांनी स्वतः चहा ओतला. शांतपणे सगळं बघितलं.

"नावाता-सान, हा लाल रंग जुना आहे. मेलेल्या पेशीतून गळतो, शेजारच्या पेशी तो गिळतात."

"गिळतात, सेन्सेई. पण गिळलेला रंग ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. हा शेपटीपर्यंत भरलाय."

"बरं. पण पाच पेशी लाल नाहीत. त्या नव्या असू शकतात."

"बिनसंदेशाच्यांतही पाच लाल नाहीत. शंभर टक्के रंग कधी चढतच नाही. मुनेकाता सेन्सेईंच्या वह्यांत आहे, दरवेळी दोन-चार राहतात."

"सहाच उंदीर आहेत हे."

"मग साठ द्या."

काजिवारा हाशिबांकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

हाशिबांनी चहाच्या पेल्यात बघितलं. "अधिक... विचार करायला हवा," ते म्हणाले.

"करूच," काजिवारा म्हणाले. "परीक्षकांकडून लेख परत आला, की सवडीने करू." आणि मग, अगदी जिव्हाळ्याने, "नावाता-सान, यंदा शिळेपुढचे शब्द तुम्हीच वाचायचे ना? मी मसुदा करून ठेवलाय."

ही आमच्याकडची रीत. प्राणिगृहामागे एक शिळा आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारी सगळी संस्था तिथे जमते, अध्यक्षांपासून पिंजरे धुणाऱ्यांपर्यंत. वर्षभरात आपण ज्यांचा जीव घेतला त्यांच्यापुढे एक जण उभा राहतो, तुमच्या जिवावर आम्ही काय शिकलो ते त्यांना सांगतो, मग सगळे एकेक शेवंती वाहून वाकतात. निवृत्त होणारं कुणी असलं तर शब्द त्याने वाचायचे. बाहेरून आलेले काही जण याला हसतात. हसोत. उंदीर हातात धरायचा नि मान मोडायची, हे ज्याने केलंय तो हसत नाही.

मसुद्यात तिसरं वाक्य होतं: 'तुमच्या त्यागामुळे विझलेल्या डोळ्यांत नव्या चेतापेशी जन्माला आल्या.'

तोशिएने ते डब्याच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवलं. "वाच."

मी वाचलं, आणि मग जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. "एवढं वाक्य गाळ ना. आवाज खाली आण, खोकल्यासारखं कर, पुढचं वाच. कुणाला कळणारही नाही. नोव्हेंबरात शिक्का मिळेल, मग पाच वर्षं भांड हवं तेवढं."

"कुणाला कळणार नाही?"

"अध्यक्षांना. पेपरवाल्यांना."

"ते शब्द त्यांच्यासाठी असतात का गं?" तिचा आवाज चढला, शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. "ते उंदरांना सांगायचे असतात ना? की नाटक आहे? नाटक असेल तर तसं सांगा, मी शुक्रवारी तोंडाला पावडर लावून येते! माणसांशी मी हवं तेवढं खोटं बोललेय, मिवा. तुझी नवी केशरचना छान आहे म्हटलं होतं. पण ज्यांचे डोळे मी या हातांनी काढलेत, त्यांच्यासमोर उभी राहून थापा मारू?"

"शिक्का जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात."

पण तिने भात अर्धा टाकला. एकतीस वर्षांत तिला भात टाकताना मी प्रथमच बघितलं.

आदल्या दिवशी हाशिबा तिच्या टेबलाशी आले. "नावाता-सान, तुम्ही मसुदा... आहे तसाच वाचणार ना?"

"तुम्ही त्या खोलीत आहे तसं बोललात का?"

"माझंही कंत्राट दोन वर्षांनी संपतंय."

"माझं पाच महिन्यांनी. बाजूला व्हा, उजेड अडतोय."

शुक्रवार उजाडला. ऊन होतं. शिळेवर झुकलेल्या गिंको झाडाची पिकली फळं खाली फुटून त्यांचा तो ओकारी आणणारा वास सगळीकडे. अध्यक्ष रुमाल नाकाशी धरून उभे. शिळेपुढे उदबत्त्या, एका वाटीत पाणी, एका वाटीत उंदरांचा खाऊ. तोशिए काळ्या कपड्यांत पुढे झाली. कागद उलगडला. पहिली दोन वाक्यं नेहमीची, तिने ती नेहमीच्या आवाजात वाचली.

मग तिने कागदाची घडी घातली आणि पट्ट्यात खोचली.

"यंदा तुम्ही चारशे अकरा जण," ती शिळेला म्हणाली. मागे वळली नाही. "त्यांतले तीनशे दोन माझ्या हातचे. काय शिकलो ते सांगायची रीत आहे, म्हणून सांगते. तुमच्या डोळ्यांत नव्या चेतापेशी जन्मल्या नाहीत. आम्हाला वाटलं जन्मल्या. आम्हाला फार हवं होतं, म्हणून वाटलं. त्या जुन्याच होत्या. खूण गळत होती. हे तुमच्यातल्या सहा जणांनी दाखवलं." आणि तिने त्यांचे क्रमांक म्हटले, पाठ केलेले, एकेक करून, शाळेत हजेरी घेतात तसे. "माशांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही, ते अजून आम्हाला कळलेलं नाही. कळलं नाही, हेच खरं. माफ करा. पुढच्या वर्षी याहून चांगलं सांगायला कुणीतरी येईल."

ती वाकली. पार कमरेत, आणि तशीच राहिली.

अध्यक्षांचा रुमाल नाकावरच. रीतीप्रमाणे पहिली शेवंती विभागप्रमुखाने वाहायची. काजिवारा उभे होते, हातात फूल. चेहरा पांढरा. तिला खोडून काढायचं तर त्यांनाही शिळेपुढेच बोलावं लागलं असतं. ते गेले, फूल ठेवलं, वाकले. किती वेळ वाकले! मग सरळ झाले आणि कुणाकडे न बघता इमारतीत गेले. त्यांच्यामागे हाशिबा, मग मी, मग रांग. मला हसू येत होतं.

नोव्हेंबरात पत्र आलं. निवृत्तीनंतर नावाता-सान यांची नेमणूक वाहनतळाच्या परवान्यांच्या खिडकीत. शिक्का सरळ, स्वच्छ. तोशिएने माझ्याकडून पेन घेतलं आणि खाली लिहिलं: 'जिथे कात्री नाही तिथे मी बसणार नाही.' कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, अशी नोंद नमुन्यात बसत नाही. "मग नमुना मोठा करा," ती म्हणाली.

मार्चच्या शेवटच्या दिवशी तिने आपली कात्री रुमालात गुंडाळली. ती तिची स्वतःची होती, मुनेकातांनी दिलेली. निरोपाला फुलं होती, केक होता, भाषण नव्हतं. काजिवारा गावाला गेले होते. तिने टेबल पुसलं, मग पुन्हा पुसलं. दारात मला म्हणाली, "रडशील तर चालती हो." ती स्वतः रडली का? बसथांब्यापर्यंत रडली. मी लपवणार नाही.

एप्रिलच्या एका रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेले होते. अंगणात माकल्या टांगलेल्या, आम्ही दोघी ओट्यावर बसून कापत होतो. फाटकात हाशिबा. हातात मिठाईचा खोका, चेहरा आठवडाभर न झोपल्यासारखा.

"लेख मागे घेतला," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "सेन्सेईंनी. परीक्षकांनी तुमचाच प्रश्न विचारला, नस हिरवी कशी. मी म्हटलं, मी लाल रंगाने करून बघतो. बारा उंदीर घेतले. रंग चढतच नाही. पडदे फाटतात. शेवटी मी त्यांना सांगितलं, माझे बारा जाऊ द्या, नावाता-सानच्या सहांना उत्तर द्या. त्यांना देता आलं नाही."

"तुम्ही सांगितलंत?" तोशिए म्हणाली. "पेल्यात न बघता?"

हाशिबांचे कान लाल झाले. "मला शिकवाल का? रंग सोडायला. आणि पडदा काढायला."

"विद्यापीठात मी पाय ठेवणार नाही. वाहनतळावर गाडी लावायलासुद्धा नाही."

"मी इथे येईन. दर रविवारी."

तिने त्यांना खालून वर बघितलं, बाजारात माकली बघतात तसं. मग टोपली पायाने त्यांच्याकडे सरकवली. "मिठाई मिवाकडे द्या. बाह्या वर करा. आधी डोळा न फोडता काढायला शिका."

पहिला फुटला. काळं पाणी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडालं. दुसरा फुटला. तोशिएने सुरीच्या मुठीने त्यांच्या बोटांवर टकटक केलं. "बाप असता तर कानाखाली आली असती. मनगट सैल. सुरीला काम करू द्या, तुम्ही मध्ये लुडबुडू नका."

तिसरा फुटल्यावर त्यांनी घाम पुसला आणि हळूच विचारलं, "नावाता-सान, त्या पाच पेशी. लाल न झालेल्या. त्या खरंच नुसत्या रंगायच्या राहिल्या होत्या?"

"बहुतेक."

"बहुतेक?"

"म्हणून तर पडदा न फाडता हातात यायला हवा ना! फाटक्या चिंधीत काय दिसणार, कप्पाळ?" तिने चौथी माकली त्यांच्यापुढे आपटली. "घ्या. आणि अशी मुकाट्याने कापू नका, ती घाबरते. बोला तिच्याशी."